अळवावरची शाई: फुजिताचा दुधाळ पांढरा आणि त्याचं परदेशात राहणं

तू दोन गोष्टी विचारल्यायस. एक, फुजिता या जपानी चित्रकाराच्या चित्रातला तो दुधासारखा पांढरा नक्की कसा करायचा, कारण तू टायटॅनियम व्हाइट आणि लिन्सीड ऑइल घेऊन तीनदा करून बघितलास आणि तिन्ही वेळा वर शाईची रेष ओढल्यावर ती फुटून तिचे थेंब झाले. दुसरी, तू सप्टेंबरात दोन वर्षांसाठी बाहेर चाललायस आणि घरातले, कॉलेजातले लोक म्हणतायत की तिकडे गेलास की तुझं सगळं तिकडचंच होऊन जाईल, तर फुजिताचं काय झालं, तो जपानी राहिला की फ्रेंच झाला. मी 28 वर्षं तैलचित्रं करतेय, त्यातली पंधराएक वर्षं जुन्या कॅनव्हासची दुरुस्तीही करते, आणि मला खरंच असं वाटतं की तुझे हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून एकत्रच उत्तर देते, लांबेल, सावकाश वाच.

आधी थेंबाचं बघू. सुमी ही जपानी शाई म्हणजे काजळी, सरस आणि पाणी, एवढंच. तेलाचं अस्तर वाळलं की वर एक गुळगुळीत कातडं धरतं आणि त्यावर पाणी ठरत नाही, अगदी अळवावरचं पाणी. तू ब्रश टेकवतोस, पहिला अर्धा इंच रेष बरी दिसते आणि मग ती स्वतःला आत ओढून घ्यायला लागते, दोन्ही कडांनी आकसते, मध्ये तुटते आणि त्या रेषेच्या जागी काळ्या मण्यांची माळ उरते. तुझं काही चुकलेलं नाही, पाणी आणि तेल असंच वागणार. आता विचार कर, 1920 च्या आसपास पॅरिसमध्ये एका माणसाने हेच करायचं ठरवलं, तैलचित्राच्या कॅनव्हासवर पाण्याच्या शाईने केसाएवढी बारीक, न तुटणारी रेष, हात-हातभर लांब. तिथल्या कुठल्याही चित्रकाराला ही अडचण कधी पडलीच नव्हती कारण त्यांच्या डोक्यात असं करायचं येण्याचं काही कारणच नव्हतं. आणि टोकियोत राहिला असता तर त्यालाही पडली नसती. का, ते सांगते.

फुजिता त्सुगुहारू, जन्म टोकियो, 27 नोव्हेंबर 1886, वडील लष्करात डॉक्टर, पुढे खूप वरच्या पदाला गेले. 1905 ला तो टोकियोच्या सरकारी आर्ट स्कूलला गेला, 1910 ला बाहेर पडला. त्या काळात जपानमध्ये चित्रकलेची दोन घरं होती, एक निहोंगा म्हणजे जपानी पद्धतीचं, खनिज रंग, सरस, रेशीम किंवा कागद, आणि दुसरं योगा म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं, तेलाचं. वर्ग वेगळे, मास्तर वेगळे, प्रदर्शनातले विभागसुद्धा वेगळे. (आपल्याकडे जे. जे. त शिकवलं जायचं ते युरोपियन वळण आणि त्याविरुद्ध उभं राहिलेलं पुनरुज्जीवनवाल्यांचं घर, तसंच काहीसं, फक्त तिकडे भिंत जास्त पक्की होती.) फुजिता तेलाच्या घरात होता. त्याचे मास्तर कुरोदा सेइकी, जे स्वतः 1884 ला कायदा शिकायला फ्रान्सला गेले आणि चित्रकार होऊन 1893 ला परतले, येताना त्यांनी उजेडाची, जांभळट सावल्यांची एक गोड शैली आणली आणि तीच मग टोकियोत तेलाची अधिकृत शैली झाली. काळा रंग वापरायचा नाही हा त्यांचा दंडक. फुजिताने शेवटच्या वर्षाला स्वतःचं चित्र केलं ते गडद, काळसर, आणि वाईट उदाहरण म्हणून ते वर्गापुढे दाखवलं गेलं. नंतर सरकारी प्रदर्शनातही त्याची चित्रं पुन्हा पुन्हा नाकारली गेली.

म्हणजे बघ, त्याच्या घरात शाईही होती आणि तेलही होतं, पण दोन वेगळ्या खोल्यांत, आणि मधला दरवाजा बंद. तेल शिकणाऱ्याने सुमीचा ब्रश हातात घ्यायचा नाही असं कोणी लिहून ठेवलं नसेल पण घेतला असता तर मागासलेला ठरला असता. 1913 ला तो पॅरिसला पोचला, मोंपार्नासला राहिला, आणि लवकरच कोणीतरी त्याला पिकासोच्या स्टुडिओत नेलं. तिथे त्याने क्युबिझम, म्हणजे वस्तू कोनाकोनांच्या तुकड्यांत मोडून काढायची शैली, बघितला आणि आंरी रूसोचं काम बघितलं, रूसो म्हणजे तो जकात नाक्यावर काम केलेला, चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत न शिकलेला माणूस. फुजिता पुढे स्वतःच सांगायचा की त्या दिवशी घरी येऊन त्याने कुरोदा सरांनी सांगितलेली रंगपेटी जमिनीवर आपटली. टोकियोत ज्याला युरोपची चित्रकला म्हणून शिकवलं होतं ती युरोपात वीस वर्षं जुनी झाली होती, आणि जे लोक आता काहीतरी करत होते ते सगळे आपापल्या मनाचं करत होते.

लोक इथेच थांबतात, पॅरिसने त्याला मोकळं केलं वगैरे. मला पुढची चार-पाच वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, ज्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. 1914 ला महायुद्ध लागलं, घरून येणारे पैसे थांबले, बरेच जपानी परत गेले, हा थांबला. थंडीत शेकायला त्याने स्वतःचीच चित्रं जाळली. हातात पैसे नाहीत म्हणून तेलरंग आणि कॅनव्हास परवडत नाही, मग कागद आणि जलरंग. 1917 ला त्याने फेर्नांद बारेशी लग्न केलं, ती स्वतः चित्रकार होती आणि तीच त्याची कामं बगलेत घेऊन गॅलऱ्यांची दारं ठोठावत फिरली, आणि त्याच वर्षी शेरोंच्या गॅलरीत त्याचं पहिलं प्रदर्शन लागलं, सगळं कागदावरचं काम. आता आपल्या कामाच्या दृष्टीने बघ, तीन-चार वर्षं हा माणूस गरिबीपायी कागद, पाणी आणि बारीक ब्रश एवढ्यावरच काम करत होता. म्हणजे लहानपणापासून जे हाताला माहीत होतं पण टोकियोच्या तेलाच्या वर्गात ज्याला किंमत नव्हती तेच परत हातात आलं. आजूबाजूला सुटीन होता जो रंग थापून थापून कॅनव्हास जड करायचा, मोदिग्लियानी होता, किसलिंग होता. 1918 ला सुटीन, मोदिग्लियानी युद्धापासून लांब दक्षिणेला कान्य गावी गेले तेव्हा फुजिताही बरोबर होता. त्या सगळ्यांमध्ये बसून जाड रंगात तू सुटीनच्या पुढे काय जाणार? त्या लोकांकडे जे नव्हतं ते त्याने काढलं. गुळगुळीत, सपाट, पातळ, आणि रेष.

मग 1921 च्या शरद सालोंला, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, त्याने तो पांढरा लोकांपुढे आणला, त्यात स्वतःच्या खोलीचं एक साधंसं स्थिरचित्र होतं ज्यात भिंतीला टेकवलेलं टेबल, गजराचं घड्याळ, ताटल्या आणि इतर किडुकमिडुक, हे आता पॅरिसच्या पाँपिदू संग्रहालयात आहे. आणि 1922 ला ते चित्र ज्याने गावभर नाव झालं, ज्वीच्या कापडाच्या पडद्याआड पहुडलेली नग्न स्त्री, मॉडेल कीकी. हे पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि मी ते दोनदा जाऊन बघितलंय, पहिल्यांदा नुसतं बघितलं, दुसऱ्यांदा बाजूने, प्रकाश तिरका पडेल असं उभं राहून बघितलं. अंग रंगवलेलंच नाहीये. मागचं अस्तर हेच अंग. हारुनोबू, उतामारो या जुन्या जपानी चित्रकारांच्या लाकडी ठशांच्या छाप्यांत बाईची त्वचा म्हणजे कोरा कागद असतो, शाईची रेष फक्त कडेला, आणि तो कागद आपोआप कातडीसारखा वाटायला लागतो, तेच त्याने कॅनव्हासवर केलं. कोपराला, पोटरीच्या मागे अगदी जराशी राखाडी झाक चोळलेली, धुक्यासारखी, बाकी सगळं मोकळं. आणि मागे पूर्ण काळं. कुरोदांनी बंदी घातलेला तो काळा.

त्या पडद्याच्या कापडाबद्दल जरा विषयांतर करते कारण मला ते फार आवडतं. ज्वीचं छापील सुती कापड म्हणजे 1760 ला सुरू झालेल्या ओबरकाम्पच्या कारखान्याचं, आणि फ्रान्समध्ये छापील सुती कापडाला नावच अँदियेन, म्हणजे भारतीय, कारण ते सुरू झालं आपल्या चीटाच्या नकलेतून. त्या आधी कित्येक वर्षं फ्रान्सने भारतीय चीटावर बंदी घातली होती, इतकं ते खपत होतं. म्हणजे जपानी माणसाने पॅरिसमध्ये काढलेल्या त्या चित्राच्या कडेला आपलं चीटही लटकलंय, आणि फुजिताने ते कापड केवढ्या प्रेमाने काढलंय, एकेक आकृती त्याच बारीक ब्रशने. तो ब्रश म्हणजे मेन्सो, नावातच चेहरा आहे, भुवया-डोळे काढायचा ब्रश, लांब टोकाचा, शाई धरून ठेवणारा. आपल्याकडे लघुचित्रवाले खारीच्या केसाचा वापरायचे त्याचा भाऊ म्हण.

आता कृती. फुजिताने हयातीत कोणालाच सांगितलं नाही, तो पांढरा हेच त्याचं भांडवल होतं आणि काम करताना तो लोकांना जवळ फिरकू द्यायचा नाही. जे कळलं ते खूप नंतर, त्याच्या चित्रांची दुरुस्ती करताना थर तपासले गेले तेव्हा. सगळ्यात खाली बेरियम सल्फेट असलेला थर, त्यावर लेड व्हाइट तीन भाग आणि कॅल्शियम कार्बोनेट एक भाग असं तेलात कालवलेलं अस्तर, आणि वर टाल्क. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं. आणि गंमत बघ, हे टाल्क आलं कुठून, तर जपानी बेबी पावडर, सिक्कारोल नावाची. दोमोन केन नावाच्या मोठ्या फोटोग्राफरने 1942 ला फुजिताचे स्टुडिओत काम करतानाचे फोटो काढले होते त्यात तो डबा दिसतो. म्हणजे जे गुपित त्याने इतकी वर्षं जपलं ते फोटोत टेबलावर उघडं पडलं होतं आणि अनेक वर्षं कोणी तिकडे बघितलंच नाही.

तीन गोष्टी एकत्र काय करतात ते समजून घे म्हणजे प्रमाण पाठ करावं लागणार नाही. लेड व्हाइट म्हणजे शिशाचा सफेदा, तो ऊबदार पांढरा आहे, तेलाबरोबर चिवट लवचिक पापुद्रा धरतो. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू, पाण्यात पांढराशुभ्र दिसतो पण तेलात कालवलास की अर्धपारदर्शक होतो आणि किंचित पिवळट झाक देतो, कारण खडूची आणि तेलाची प्रकाश वळवायची ताकद जवळजवळ सारखी आहे. तू टायटॅनियम वापरलास तिथेच दूध गेलं. टायटॅनियम प्रकाशाला पृष्ठभागावरूनच परत पाठवतो, ट्यूबलाइटसारखा थंड पांढरा. दुधाळपणा यायला प्रकाश जरासा आत शिरून मग परत यायला पाहिजे, जसा तो साईत किंवा हस्तिदंतात शिरतो. ते काम खडू करतो.

आणि टाल्क तुझ्या थेंबांचं उत्तर आहे. जुने ड्राफ्ट्समन ट्रेसिंग क्लॉथवर शाईने नकाशे काढायचे तेव्हा आधी फ्रेंच चॉकची पूड टाकून कापडाने चोळून घ्यायचे, नाहीतर शाई धरायची नाही, माझ्या काकांना मी लहानपणी हे करताना बघितलंय, ते पीडब्ल्यूडीत होते. तीच युक्ती. टाल्कचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात, अतिशय मऊ, ते वरचं उरलंसुरलं तेलकटपण शोषून घेतात, चकाकी मारतात आणि पृष्ठभागाला एक बारीक मखमली खर येते. मग शाई पसरतही नाही आणि गोळाही होत नाही, ब्रश जिथे नेशील तिथे जाते. फुजिताच्या चित्राला ती जी मॅट, पावडर लावल्यासारखी त्वचा आहे ती अक्षरशः पावडरच आहे.

तुझ्यासाठी बदल सांगते. शिशाचा सफेदा वापरू नकोस, कोरडी पूड तर अजिबात नको, शिसं अंगात जाऊन बसतं आणि सहजी बाहेर निघत नाही. मी झिंक व्हाइट आणि थोडासाच टायटॅनियम असं मिश्रण घेते, झिंक एकट्याने ठिसूळ होतो म्हणून. कॅनव्हास सैल कापडाचा घेऊ नकोस, बारीक विणीचा घे, आणि शक्यतो लाकडी फळीवर चिकटवून घे कारण असली पातळ गुळगुळीत अस्तरं ताणलेल्या कापडावर लवकर तडकतात. आधी सरसाचा हात, मग पांढऱ्या अस्तराचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे, मध्ये बारीक पॉलिश पेपर. खडू चार भागाला एकाच्या वर नेऊ नकोस, नाहीतर रंग मेणचट आणि गढूळ दिसतो. शेवटचा हात ओला असताना टाल्क टाकायचं नाही ही माझी स्वतःची ठेच आहे: मी पहिल्यांदा ओल्यावर भरपूर टाकलं, दिसायला सुंदर झालं, त्यावर एक चित्रही पूर्ण केलं, आणि पुढच्या पावसाळ्यात जुलैमध्ये वरचा थर रेषेसकट पापुद्रे होऊन सुटला. तेव्हा अस्तर हाताला कोरडं लागलं पाहिजे, पण जुनं होऊन कडकही व्हायला नको, बोटाचं पेर हलकं दाबलं की किंचित ओढल्यासारखं वाटतं तो क्षण. आपल्या हवेत हिवाळ्यात हे साधारण आठवडा-दहा दिवसांनी येतं, पावसाळ्यात काही भरवसा नाही. त्या वेळी मलमलच्या पुरचुंडीत टाल्क घेऊन हलक्या हाताने चोळ, जास्तीचं झटकून टाक, तोंडाला मास्क लाव, आणि सुवासिक पावडर घेऊ नकोस, शुद्ध टाल्क घे. आणि शाई चांगली घासून दाट कर, बाटलीतली पातळ शाई घेतलीस तर टाल्क लावूनही ती जरा पसरतेच. बाटलीच्या शाईत बऱ्याचदा लाख असते, तिचं वागणं वेगळं असतं, कांडीची शाई दगडावर पाण्यात घासूनच बघ एकदा.

रेष मारण्याआधी मनगटाचा सराव पाहिजे हे सांगायला नको. तिथे पुसापुशी नाही. चुकलीस रेष तर पांढरं गेलं.

आता तुझा दुसरा प्रश्न, की तो जपानी राहिला का फ्रेंच झाला. तुला उत्तर वर मिळालंच असेल थोडंफार. शाई, मेन्सो, बेबी पावडर, कोऱ्या कागदाची त्वचा हे सगळं घरचं, कॅनव्हास, तेल, आडवी पहुडलेली नग्न स्त्री हा विषय, हे तिथलं. पण हे दोन एकाच टेबलावर ठेवायला पॅरिसच लागलं, कारण तिथे त्याला कोणी विचारणारं नव्हतं की तू कुठल्या घरातला. जपानमध्ये तेलवाला असताना तो शाई लावू शकला नसता आणि शाईवाला असता तर तेलाकडे वळला नसता. मला वाटतं बाहेर राहण्याचा चित्रकाराला होणारा मोठा फायदा हाच, तिकडचं शिकायला मिळतं तो तर आहेच, पण घरी ज्या वस्तूंवर जात-गोत चिकटवलेलं असतं ते तिकडे गळून पडतं आणि त्या वस्तू नुसत्या वस्तू म्हणून हातात येतात.

पण फुकट काही नव्हतं आणि तू जाण्याआधी हेही तुला माहीत असावं. पॅरिसमध्ये त्याची कपाळावरची केसांची झालर, गोल चष्मा, कानातलं, मांजरं, हे चित्राइतकंच विकलं गेलं. 1925 ला फ्रान्सने लीजन ऑफ ऑनर हा सरकारी सन्मान दिला, आणि जपानमध्ये बरेच लोक म्हणत राहिले की हा परदेशी लोकांना जपानीपणा विकतोय. तो 1929 ला जपानला भेट देऊन आला, मग 1931 ला दक्षिण अमेरिकेला गेला, ब्राझील, अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू, क्युबा, मेक्सिको, आणि तिथे त्याचा पांढरा बाजूला पडला, रस्त्यावरची माणसं, भरपूर रंग आले. 1933 ला जपानला परतल्यावर 1937 मध्ये त्याने अकिता गावच्या सणावारांचं एक प्रचंड चित्र केलं, साडेतीन मीटरहून जास्त उंच आणि 20 मीटर लांब, पंधरा दिवसांत. पंधरा दिवस! हाताला किती तयारी असेल विचार कर.

आणि मग युद्धचित्रं. हे टाळून फुजितावर बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. तो लष्करासाठी चित्रं करायला लागला आणि त्यात सगळ्यांच्या पुढे गेला. 1943 चं अट्टू बेटावरचं चित्र, जिथे जपानी तुकडी जवळजवळ पूर्ण मेली, अडीच मीटर रुंद, आणि त्यात आकाश-जमीन-माणसं सगळं एकाच चिखली तपकिरी रंगात एकमेकांत अडकलेलं, कोण आपला कोण शत्रू वेगळं काढता येत नाही. लोक त्या चित्रासमोर हात जोडायचे. 1945 चं सायपान बेटाचं त्याहून मोठं, ज्यात बायका-मुलं कड्यावरून उडी घ्यायच्या तयारीत. सरकारला प्रचार हवा होता आणि प्रचार म्हणून ती दाखवलीही गेली, पण त्यात विजय कुठेच नाही, नुसतं मरण आहे, आणि तरी ती त्या युद्धाच्या कामी आली हेही तितकंच खरं आहे. मी या चित्रांपुढे उभी राहिले की मला चित्रकार म्हणून त्याचा हात दिसतो आणि माणूस म्हणून त्याचा राग येतो, दोन्ही एकदम, आणि यातलं एकही सोडायची माझी इच्छा नाही. मला यात तंत्राची एक गोष्टही दिसते. वीस वर्षं ज्याने पांढऱ्यावर एकही चूक होऊ दिली नाही त्याने इथे पांढरा पूर्ण गाडून टाकला, कुरोदांच्या वर्गातला तो काळसर पोरगा परत आला.

युद्ध संपल्यावर सगळा दोष याच्यावर आला. अमेरिकनांना युद्धचित्रं गोळा करायला त्यानेच मदत केली, ती 153 चित्रं अमेरिकेला गेली आणि 1970 ला टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात परतली तीही उसनी म्हणून. त्याच्यावर खटला झाला नाही, पण चित्रकारांच्या वर्तुळात त्याला जागा उरली नाही, आणि त्यात अशी बरीच मंडळी होती ज्यांनी स्वतःही लष्करासाठी चित्रं केली होती. 1949 ला तो न्यूयॉर्कला गेला, तिथे पॅरिसच्या कॅफेत बसलेल्या एका बाईचं चित्र केलं, शाईचा डाग पडलेला कागद पुढ्यात आणि ती लिहीत नाहीये. पॅरिसला तो अजून पोचलाही नव्हता. 1950 ला पोचला. त्याच साली मुंबईहून आपला चित्रकार रझाही पॅरिसला उतरला होता, ज्याला तिथे कित्येक वर्षं निसर्गचित्रं केल्यानंतर लहानपणी शाळेत मास्तरांनी भिंतीवर काढून दिलेला ठिपका आठवला आणि बिंदू झाला. तेव्हा तुला कोणी म्हणालं की बाहेर गेल्यावर घर विसरतं, तर त्यांना सांग की कधीकधी घर तिकडेच सापडतं, फक्त वेळ लागतो, रझाला पंचवीस-तीस वर्षं लागली.

सगळ्यांचं असं होत नाही हेही बघून ठेव. साएकी युझो हा जपानी चित्रकार 1924 ला पॅरिसला गेला आणि व्लामँक या फ्रेंच चित्रकाराला चित्र दाखवायला घेऊन गेला तर तो ते शाळकरी आहे म्हणून तुटून पडला, त्यानंतर साएकीने पॅरिसच्या कळकट भिंती आणि फाटक्या जाहिरातींवरची अक्षरं अशी काही काढली की त्याचा ब्रश धावताना दिसतो, आणि 1928 ला तिशीतच तो तिथे वारला. कुनियोशी यासुओ हा दुसरा जपानी चित्रकार 1906 ला पोरवयात एकटा अमेरिकेला गेला, तिथेच शिकला, तिथेच शिकवलं, 1948 ला व्हिटनी संग्रहालयाने जिवंत चित्रकाराचं पहिलं मोठं सिंहावलोकन त्याचं केलं, पण कायद्याने त्याला नागरिक होता आलं नाही, युद्धात तो शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला, आणि 1952 ला कायदा बदलून पुढच्याच वर्षी तो वारला. तिघांपैकी एकाचंही आयुष्य दुसऱ्याला लावता येणार नाही. म्हणून तू मला जे विचारलंस की मी काय करू, त्याचं उत्तर मी फुजिताच्या आयुष्यातून काढून देणार नाही, त्याच्या कामाच्या टेबलावरून देईन. जाताना तुझा शाईचा दगड आणि दोन चांगले ब्रश हातातल्या सामानात घेऊन जा, बॅगेत कोंबून नको, आणि पहिल्या वर्षी तिकडच्या कोणालाही दाखवण्यासाठी म्हणून ते काढू नकोस, स्वतःसाठी रोज काढ.

फुजिता 1955 ला फ्रेंच नागरिक झाला, 1959 ला कॅथलिक, आणि लिओनार्दोवरून लेओनार नाव घेतलं. पॅरिसजवळच्या विल्ये-ल-बाक्ल गावात त्याने छोटं घर घेतलं, आता ते संग्रहालय आहे आणि तू तिकडे असशील तर नक्की जा. वर माळ्यावर स्टुडिओ आहे आणि तिथल्या भिंतीवर त्याने फ्रेस्कोचा, म्हणजे ओल्या चुन्यावरच्या भित्तिचित्राचा, सराव केलेला आहे. फ्रान्समधल्या रँस शहरात त्याला एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, रंगवायचं होतं आणि त्याने त्या आधी फ्रेस्को कधी केला नव्हता. 79 व्या वर्षी तो ओल्या चुन्यावर रंग लावायला शिकला. फ्रेस्कोत चुना ओला असेपर्यंतच वेळ असतो, रंग आत शिरतो आणि बसतो, परत हात फिरवता येत नाही. म्हणजे आयुष्यभर तो तेलाच्या कातड्याशी भांडत होता की शाई आत घे, धरून ठेव, आणि शेवटी त्याला असा पृष्ठभाग मिळाला जो पाणी मुळात मागतोच. 1966 च्या उन्हाळ्यात साधारण तीन महिन्यांत त्याने ते चॅपल पूर्ण केलं, 29 जानेवारी 1968 ला झुरिकला वारला, आता बायको किमियोच्या शेजारी त्याच चॅपलमध्ये आहे. विल्येच्या त्या सरावाच्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी होते, रेषेची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे शोधत. बऱ्याच ठिकाणी सापडत नाही.

तुझी पहिली अस्तरं वहीएवढ्याच तुकड्यांवर कर, सहा-सात कर, प्रत्येकाच्या मागे तारीख, खडूचं प्रमाण आणि टाल्क कितव्या दिवशी चोळलं ते पेन्सिलने लिही. मग सगळ्यांवर एकाच बैठकीत एकच लांब रेष ओढ, आणि तिरक्या उजेडात फोटो काढून मला पाठव, तुटली असली तरी पाठव.